स्वागताध्यक्षांचे भाषण



खडकवासल्याच्या चौपाटीवरची गर्दी आणि कांदाभज्यांचा मोह ओलांडून आपण तर्कशास्त्राच्या परिषदेला वेळेवर पोचलात. स्वागत समितीच्या वतीने आधी आभार, मग स्वागत.

तर्कशास्त्राचं खडकवासल्यात काय काम, असं काहींनी आम्हाला विचारलं. काम आहे. इथलं धरण १८७९ साली पूर्ण झालं. ११ जुलै १९६१ला कोणी म्हणालं असतं, 'हे धरण ऐंशी वर्षं उभं आहे, म्हणून उद्याही उभं राहील', तर त्यातलं आधारविधान अक्षरशः खरं होतं. दुसऱ्याच दिवशी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आधारविधान खरं, निष्कर्ष खोटा! वैध युक्तिवादात नेमकं हेच अशक्य असतं. असे अंदाज टाकाऊ नव्हेत. त्यांच्यावाचून आपलं एक दिवसही चालणार नाही. पण त्यांची जागा संभाव्यतेच्या पंगतीत.

आता उलट बाजू बघा. 'सगळी धरणं मातीची असतात. खडकवासला हे धरण आहे. म्हणून ते मातीचं आहे.' ते दगडी आहे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तरीही युक्तिवाद वैध आहे! वैधता आकारात असते, मजकुराच्या खरेखोटेपणात नाही. विद्यार्थी इथेच अडखळतात, आणि खरं सांगायचं तर वर्तमानपत्रांतले अग्रलेखही.

आपल्या नैयायिकांचं मात्र नुसत्या आकारावर समाधान होत नसे. व्याप्तीही, म्हणजे धूर आणि अग्नी यांच्यासारखा अटळ साहचर्याचा नियमही, खरी हवी. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे उलटं फिरवून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हणणाऱ्यापुढे ते तापलेला लोखंडी गोळा ठेवत: त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. पुण्याला ही परंपरा परकी नाही. भीमाचार्य झळकीकरांच्या 'न्यायकोशा'ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती भांडारकर संस्थेनं १९२८ साली इथेच काढली.

निबंधवाचनानंतर प्रश्न विचारणाऱ्यांना यजमान म्हणून एकच विनंती आहे. आपला आक्षेप आधारविधानावर आहे की त्यातून काढलेल्या निष्कर्षाच्या वाटेवर, एवढं आधी सांगा आणि मग खुशाल तुटून पडा.