'फ्री' या शब्दाविषयी थोडेसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला थोडे बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयात शिरण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून आपणा सर्वांच्या तोंडी रोज येणारा एक इंग्रजी शब्द मी घेतला आहे. तो शब्द म्हणजे 'फ्री'.

दुकानात 'एकावर एक फ्री' अशी पाटी असते. शेजारीण विचारते, "दुपारी फ्री आहात का हो?" बिस्किटाच्या पुड्यावर 'शुगर-फ्री' छापलेले असते. स्वतंत्र देशालाही इंग्रजीत हेच विशेषण लावतात. शब्द एक आणि अर्थ चार: फुकट, मोकळा, रहित आणि स्वतंत्र. मग नेमका अर्थ ओळखावा कसा? त्याला सोपा उपाय म्हणजे शब्दाचा शेजार पाहावा. विकायच्या वस्तूबरोबर आला तर फुकट. माणसाविषयी आला तर मोकळा किंवा स्वतंत्र. पदार्थाच्या नावाला मागून चिकटला, तर तो पदार्थ त्यात नाही असे समजावे.

आता फुकटाचे पाहू. १८०० ने सुरू होणाऱ्या टोल-फ्री क्रमांकावर बोललो तर आपल्याला पैसे पडत नाहीत. ते ज्याने क्रमांक घेतला तो भरतो. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तो खर्च सरकारी तिजोरीतून होतो, आणि तिजोरीत आपल्या करांचा पैसा असतो. म्हणून शाळेत हक्काने जावे, मिंधेपणाने नव्हे. थोडक्यात, 'फ्री' ऐकले की पैसे कोण भरतो हे विचारावे.

'शुगर-फ्री'च्या बाबतीत तर फारच जपायला हवे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मधुमेहाचे माणूस आहे. सरकारी नियमाप्रमाणे १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसेल, तर पुड्यावर तसे छापता येते. पण बिस्किटातला मैदा कुठे जातो? पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. तेव्हा सासूबाईंपुढे अख्खा पुडा ठेवू नये. मागच्या बाजूला कार्बोहायड्रेटचा आकडा असतो तो वाचावा, आणि किती खायचे ते डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्याविषयी. "ती काय, घरीच असते, फ्रीच असते," हे वाक्य कोणी ऐकले नाही? २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. मुलाबाळांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात धरलेलेच नाही! मग आपण मोकळ्या कशा? पगार नाही म्हणून काम फुकटचे, आणि काम फुकटचे म्हणून बाई रिकामी, असा हा दोन अर्थांचा घोटाळा आहे. तो आपणच दुरुस्त करायला हवा. कोणी विचारले, तर "चार वाजता मोकळी होईन," असे वेळ सांगून उत्तर द्यावे. मुलींनाही तसेच शिकवावे, आणि मुलांना आपले ताट आपण उचलायला लावावे.

शेवटी एक गोड गोष्ट. शब्दांचे कूळ सांगणारे कोश म्हणतात की, 'फ्री' आणि आपला संस्कृत 'प्रिय' हे एकाच मुळापासून निघाले. 'फ्रेंड' हाही त्यांच्याच गोतातला. आधी अर्थ होता जिव्हाळ्याचे माणूस, मग स्वतंत्र माणूस. फुकट हा अर्थ पुष्कळ नंतर आला. घरातल्या बाईला कोणी 'फ्री' म्हणायचेच असेल, तर त्याने पहिले दोन अर्थ घ्यावेत, तिसरा सोडून द्यावा.