लग्नाच्या मांडवात शिकलेला तुरुंग
(तालुका साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मी शेवटी मानीन, वेळ उरला तर. आधी मला उद्घाटकांशी भांडायचं आहे.

तासाभरापूर्वी याच माइकवरून उद्घाटक म्हणाले, ‘यंदा आपण एका जेलरला अध्यक्ष केलंय, आता संमेलन पळून जाणार नाही!’ मांडव हसला, मीही हसलो. वरिष्ठ विनोद करतात तेव्हा हसायची एकतीस वर्षांची सवय आहे, ती निवृत्तीनंतर जात नाही. पण पुढे ते म्हणाले, ‘जेलरला प्रशिक्षण ते काय लागणार? दार नीट लावता आलं म्हणजे झालं.’ त्यावर तुम्ही आणखी जोरात हसलात. तिथं मात्र मी हसलो नाही.

तुमच्या कपाटांतली निम्मी थोर पुस्तकं आमच्या दारांआड लिहिली गेली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. यावर तुम्ही परिसंवाद घेता, प्रबंध लिहिता. धुळ्याला त्या रविवारी बराकीचं कुलूप कुणी काढलं, हा प्रश्न कुणाही संशोधकाला पडलेला मी ऐकलेला नाही. त्या वेळी चावी असलेला माणूस वेगळा असता, तर त्या प्रवचनांचं पुस्तक आज कदाचित नसतं. हा माणूस घडतो कसा, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटत असेल तर मागे चहाची सोय आहे.

येरवड्याला दौलतराव जाधवांच्या नावाचं कारागृह अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे. कायदा, नियमपुस्तिका, कवायत, हिशेब हे सगळं तिथं शिकायला मिळतं. तिथल्या शिक्षकांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या तीस वर्षांबद्दल. नेमणूक झाली की लाल गेटमधून आत जाणारा अधिकारी पेशाच्या दृष्टीने एकटा पडतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या तुरुंगात काय चाललंय हे त्याला कळतं ते वर्तमानपत्रातून, तेही तिथून कुणी पळालं तर.

माझं सांगतो. तुरुंगाचं नाव सांगणार नाही, साल सांगणार नाही. मी दुसऱ्या श्रेणीचा तुरुंगाधिकारी होतो, लग्न होऊन सहा महिने झालेले. संध्याकाळी गिनती जुळली, बंदी झाली म्हणजे कैदी बराकींत बंद झाले, बराकींच्या चाव्या मोजून पेटीत गेल्या, पेटीला सील लागलं. रात्री दोनच्या सुमारास क्वार्टरचं दार वाजलं. तीन नंबरच्या बराकीत एका कच्च्या कैद्याने पंच्याने गळफास घेतला होता. मी धावलो. गेटवर सील फोडायला पंचनाम्याचं रजिस्टर आधी उघडायचं की नंतर, यावर हवालदार अडला. बरं, तो नियमाने बरोबर होता. जुडग्यातली तीन नंबरची चावी सापडेना. बराकीतले चाळीस जण गजांना धरून ओरडत होते, आणि त्या माणसाला खालून उचलून धरायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. कुलूप निघालं तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. तो बावीस वर्षांचा होता, मोटारसायकलच्या चोरीत आलेला. चौकशीत मी निर्दोष सुटलो, कारण मी प्रत्येक नियम पाळला होता.

त्यानंतर चार वर्षांनी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो. पंगतीत शेजारी दुसऱ्या विभागातला एक जुना तुरुंगाधिकारी बसला होता. जिलेबी वाढेपर्यंत गप्पा निघाल्या. तो सहज म्हणाला, ‘आमच्याकडे रात्रपाळीच्या हवालदाराजवळ बराकींची एक जादा चावी काचेच्या पेटीत असते. काच फोडायची, कागदपत्रं मागाहून. आणि सोबत बोथट टोकाची कात्री. दोन पोरं वाचवली आम्ही.’ माझा हात पानावरच राहिला. साठ-सत्तर रुपयांची ती पेटी. ती युक्ती माझ्या तुरुंगापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर गेली कित्येक वर्षं सुखाने नांदत होती. ती माझ्यापर्यंत यायला कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरावं लागलं.

परदेशात याला नेटवर्किंग म्हणतात. आमच्या खात्यात याला पंगत म्हणतात.

२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशभरातल्या तुरुंगांत ११९ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या किती काचेच्या पेटीने टळल्या असत्या, हे मी सांगू शकत नाही. पण त्या प्रत्येक घटनेचा अहवाल लिहिला गेला, हे मी खात्रीने सांगतो, कारण असे अहवाल मी लिहिलेत. लिफाफ्यात घालून, ‘गोपनीय’ असा शिक्का मारून ते वर जातात आणि वरच राहतात. बाजूच्या तुरुंगात ते कधीच येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, तुरुंगवाल्यांनी एकमेकांकडून शिकावं हे कुणाला सुचलंच नव्हतं. साफ खोटं. १८७० साली अमेरिकेत सिनसिनाटीला तुरुंगाधिकारी आणि सुधारक एकत्र बसले, तुरुंग कसा चालवावा यावर तत्त्वांचा जाहीरनामा काढला, आणि आपली कायमची संघटना उभी केली. तिचे पहिले अध्यक्ष रदरफोर्ड हेज पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडे १९५१ साली संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ डॉ. रेकलेस आले. त्यांनी तुरुंग हिंडून पाहिले आणि खास शिकवलेल्या अधिकाऱ्यांचा वेगळा वर्ग तयार करा असं लिहून दिलं. लखनौला तुरुंग प्रशिक्षण शाळा तर १९४० पासून होती. १९७९ मध्ये दक्षिणेतल्या चार राज्यांनी मिळून वेल्लोरला संस्था काढली. १९८० ते ८३ न्यायमूर्ती मुल्ला समितीने सगळा देश पालथा घातला आणि सांगितलं, पोलीस आणि प्रशासनासारखी तुरुंगांसाठीही स्वतंत्र अखिल भारतीय सेवा करा. चाळीस वर्षं उलटली. ती सेवा अजून झालेली नाही.

झाली नाही, याचं कायदेशीर कारण सगळ्यांना पाठ आहे: तुरुंग हा राज्यांचा विषय, प्रत्येक राज्याची नियमपुस्तिका वेगळी. खरं कारण मी सांगतो, आता माझी कुणी बदली करू शकत नाही. तुरुंग खात्याचा प्रमुख पोलीस खात्यातून येतो. चांगले येतात, हुशार येतात, काहींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण त्यांचा जम बसेतो बदलीचा आदेश निघतो. पोलिसाचं काम माणूस पकडला की संपतं. आमचं तिथं सुरू होतं, आणि कधी वीस वर्षं चालतं. तो कैदी म्हातारा होतो, त्याचे दात पडतात, त्याची आई मुलाकातीला यायची थांबते, हे सगळं आमच्यासमोर होतं. दोन्ही कामं एकच, असं समजणाऱ्यांनी एक पावसाळा बराकीसमोर काढावा.

चांगली गोष्ट शेजारी पोचत नाही, याचे दोन दाखले देतो, पोटतिडकीने देतो, कारण त्यांत आपलीच लाज आहे.

पहिला. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची कल्पना, आणि राजाचा पाठिंबा. खुनाचे कैदी, बायकामुलांसह, भिंत नाही, शेती करून राहायचे. हा प्रयोग आपल्या मातीतला. त्यावर गदिमांनी कथा लिहिली, शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, बर्लिनला त्याला मान मिळाला. त्यातली प्रार्थना तुमच्या शाळेत रोज होते. सांगा, तुमच्यापैकी किती जण स्वतंत्रपूरला गेलात? हात वर करा. ... एक. हो, तुम्ही तिथलेच दिसता. आणि आमच्या खात्यातलं सांगू? स्वतंत्रपूर आटपाडीला आहे हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी कळलं, आणि तेही सिनेमावरच्या एका लेखातून. आटपाडीची गोष्ट बर्लिनला पोचली, ती आमच्या बराकीपर्यंत आली नाही.

दुसरा. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात गोएंका गुरुजींनी विपश्यनेचं शिबिर घेतलं, कैद्यांसाठी. तिथून तिहार पावणेतीनशे किलोमीटर. किरण बेदींच्या काळात तिहारमध्ये ही शिबिरं सुरू झाली ती १९९३ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. बैलगाडीने गेली असती तरी महिन्याभरात पोचली असती. तिहारमध्ये आधी तुरुंगातले काही कर्मचारी शिबिराला पाठवले गेले. ते परतल्यावर त्यांचं बोलणं-वागणं पाहून बाकीच्यांचा विश्वास बसला. विपश्यना तुम्हाला पटो न पटो, मला स्वतःला दहा दिवस गप्प बसणं जमणार नाही, हे आता तुम्हालाही कळलं असेल. माझं म्हणणं त्या अठरा वर्षांबद्दल आहे.

आता माझ्याच खात्यातले काही जण पुढच्या रांगेत खूश होऊन माना हलवताहेत. त्यांच्याकडे वळतो.

एकत्र यायला तुम्ही नको म्हणत नाही. पण कशासाठी येता? प्रकरण निघालं की सांभाळून घ्यायला. कुणाच्या तुरुंगात मारहाण झाली की ‘आपला माणूस आहे’ म्हणून फोन फिरतात, जबाब जुळवले जातात. ते जाळं आमच्याकडे फार पक्कं आहे, त्याला कुठल्या महाविद्यालयाची गरज लागली नाही. काचेची पेटी चार वर्षं उशिरा आली. जबाब कसा द्यायचा याचा निरोप मात्र चौकशीच्या आदल्या रात्री यायचा. मलाही आला होता. मी तो ऐकलाही. हे मी आज प्रथमच जाहीर बोलतोय.

आणखी एक कबुली. आमच्या नोंदवहीत जातीचा रकाना होता. मी तो हजारो वेळा भरला. कोण झाडणार, कोण स्वयंपाकघरात जाणार, यात त्या रकान्याचा हात कसा असतो, हे पाहायला मला चष्मा लागत नव्हता. खात्यातल्या बहुतेकांना ते दिसत होतं. पण त्यावर बोलायची बैठक नव्हती, कार्यक्रमपत्रिका नव्हती, शेजारच्या तुरुंगातल्या माणसाला विचारायची रीत नव्हती. शेवटी मुंबईच्या एका पत्रकार बाईंनी, सुकन्या शांता यांनी, ते लिहिलं, न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांच्या नियमपुस्तिकांतली ती कलमं रद्द केली. रकानाही काढायला सांगितला. जे आमच्या पेशाने आपापसांत बोलून तीस वर्षांपूर्वी काढायला हवं होतं, ते बाहेरच्या बाईला काढावं लागलं. ही गोष्ट प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगा. कवायत दुसऱ्या दिवशी घ्या.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? खरंच नाही. आर्थर रोडची जुनी अधिकृत क्षमता ८०४, आणि आत माणसं तीन हजारांच्या पुढे. देशभर २०२२ च्या अखेरीस जागा ४ लाख ३६ हजारांची आणि माणसं ५ लाख ७३ हजार, त्यांत चारातले तीन अजून दोषी न ठरलेले. अशा गर्दीत अधिकारी प्रशिक्षणाला सोडला तर मागे पहारा कोण देणार, असं अधीक्षक विचारतो, आणि तो चूक नाही. नॉर्वेत साधा तुरुंग कर्मचारी दोन वर्षं पगारी शिकतो, हे मला माहीत आहे. नॉर्वेची गोष्ट मी कुणाला सांगत बसणार नाही, आपल्या शिपायाला साप्ताहिक सुट्टी मिळाली तरी मी पेढे वाटीन. पण भेट झाली की शिकणं होतंच. दर काही वर्षांनी तुरुंगवाल्यांच्या अखिल भारतीय स्पर्धा होतात, २०२२ मध्ये अहमदाबादला सहाव्या झाल्या. जाऊन आलेल्यांना विचारा, पदक कशाचं मिळालं ते पटकन आठवत नाही. रात्री मेसमध्ये केरळच्या माणसाने काय सांगितलं ते मात्र बारीकसारीक तपशिलासह सांगतात.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. राज्यातल्या कुठल्याही तुरुंगात मृत्यू झाला, पलायन झालं, दंगा झाला, तर महिन्याच्या आत त्याची नावं गाळलेली हकिगत प्रत्येक तुरुंगाच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या टेबलावर यावी. दोन पानं. काय घडलं, कुठे चुकलं, आता काय बदललं. शिक्षा कुणाला झाली हे त्यात नको, त्याचा कुणाला उपयोग नाही. आणि ही दोन पानं नीट मराठीत लिहायला तुमच्यातल्या लेखकांनी आम्हाला शिकवावं. हसू नका. ‘सदर बंदीने सदर वेळी सदर ठिकाणी’ या भाषेत चौदा मिनिटं मावत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

आता आभार. स्वागताध्यक्षांचे, संयोजकांचे, आणि उद्घाटकांचेही, त्यांनी ते वाक्य उच्चारलं नसतं तर मी तुरुंगसाहित्यावरचं लिहून आणलेलं भाषण वाचलं असतं, ते फार वाईट होतं.

आणि एक विनंती. सातव्या रांगेत चार माणसं साध्या कपड्यांत बसली आहेत. चार वेगवेगळ्या तुरुंगांतून आली आहेत, रजेच्या अर्जावर कारण ‘घरगुती’ लिहिलंय. माझ्या भाषणासाठी आलेली नाहीत ती, एकमेकांना भेटायला आली आहेत. कार्यक्रम संपल्यावर त्यांना फोटोला ओढू नका, सह्या मागू नका. त्या कोपऱ्यातलं टेबल आणि चहाची किटली त्यांच्याकडे राहू द्या. त्यातल्या एकाला संध्याकाळच्या बंदीच्या आत परत पोचायचं आहे.