सूसाईची टपरी



१८९१ ला पोप लिओ तेराव्यानं 'रेरूम नोव्हारूम' काढलं. कामगाराला पोटापुरती मजुरी हा न्यायाचा भाग आहे, असं मालकांना बजावलं. चांगलंय. पण याच गादीवरनं १६२३ ला पंधराव्या ग्रेगरीनं भारतातल्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना जानवं-शेंडी ठेवायची मुभा दिलेली! अस्पृश्याकडं काय ठेवलं? त्याची जात.

मद्रासचा सूसाई. आदि-द्रविड, रस्त्याकडंला चपला शिवणारा. १९८२ ला सरकारनं चांभारांना फुकट टपऱ्या वाटल्या. हा ख्रिस्ती, म्हणून ह्याला नाही. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आडवा आला. तो शिखांसाठी १९५६ ला बदलला, आपल्या बौद्धांसाठी १९९० ला. ख्रिस्त्यांसाठी अजून नाही. १९८५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तेवढेच हाल होतात याचा पुरावा कुठाय?

पुरावा तिरुचिरापल्लीत, मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत. तिथं भिंत घातली. अलीकडं दलित मढी, पलीकडं सवर्ण. (पुनरुत्थानाच्या दिवशी काय रांगा वेगळ्या लावणार?)

चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, हे बिशपांच्या परिषदेनं लेखी कबूल केलं २०१६ ला. दिल्लीत ते आरक्षण मागतात, त्या मागणीत आम्ही त्यांच्यासोबत आहोतच. पण बिशपसाहेब, सूसाईचा पुरावा एकतीस वर्षं कुणाच्या कपाटात होता?