आवाज आणि त्याची प्रत



आजचा विषय संगणकाचा असला, तरी तो आम्ही यंत्राच्या कौतुकासाठी घेतलेला नाही. शाहूवाडी तालुक्याच्या वाड्यावस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतली पुष्कळ कायमची गावी परतली. आज ती थकली आहेत. त्यांचे बोलणे आम्ही संघटनेतर्फे टिपून ठेवतो. ते बोलणे ऐकू कसे येईल आणि टिकेल कसे, हे दोनच प्रश्न आज आपल्यापुढे आहेत.

पहिला प्रश्न सोपा आहे. माग बंद पडला की जाणता कामगार आधी धागा पाहतो, यंत्र मागाहून उघडतो. संगणकाचा आवाज गेला तर हाच क्रम धरावा. स्पीकरला वीज आहे काय? त्याची तार योग्य भोकात, बहुधा हिरव्या, नीट बसली आहे काय? पडद्यावरच्या कर्ण्याच्या चित्रावर फुली नाही ना? आवाज स्पीकरऐवजी टीव्हीकडे पाठवला गेलेला नाही ना? मग दुसरा हेडफोन लावून पाहावा. तरीही शांतता असेल, तर यंत्र एकदा बंद करून सुरू करावे आणि ड्रायव्हर नावाचा आवाजाचा कारभारी प्रोग्रॅम पुन्हा बसवावा. एवढ्यानेही काम झाले नाही, तर मगच कारागिराकडे जावे.

पण एक कसोटी विसरू नये. दुसरे एखादे गाणे लावून पाहावे. ते वाजले आणि आपले ध्वनिमुद्रण मात्र वाजत नाही, असे झाले तर दोष यंत्रात नसून नोंदीत आहे. यंत्र बाजारात नवे मिळते. गेलेल्या माणसाचा आवाज मिळत नाही.

१९३१ साली 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट आला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. तो आजही पाहता-ऐकता येतो. एकाची प्रत राहिली, दुसऱ्याची राहिली नाही, एवढाच हा फरक. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुन्या ज्वालाग्राही फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती दुसरीकडे होत्या, ते चित्रपट वाचले.

आता तबकडीविषयी. कारखान्यात छापलेल्या सीडीवर खळगे उमटवलेले असतात. घरी लिहिलेल्या सीडीत लेसर किरण रंगाच्या पातळ थरावर खुणा करतो. हा रंग उन्हाने बिघडतो. सीडीची चकाकी लेबलाच्या बाजूस अगदी वरवर असते. म्हणून त्या बाजूवर बॉलपेनने लिहू नये, कागद चिकटवू नये. तबकडी कडेला धरावी, डबीत उभी ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलावा फार. कपाट कोरडे हवे. साधी सीडी ७०० एमबी आणि डीव्हीडी ४.७ जीबी मजकूर घेते. लिहून झाल्यावर ती दुसऱ्या संगणकावर ऐकून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रतच नव्हे.

शिवाय नव्या संगणकांत बहुधा तबकडीचे कप्पेच नसतात. म्हणून एकट्या तबकडीवर विसंबू नये. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर शहरात घरांतून पाणी शिरले. एकाच घरातल्या तिन्ही प्रती अशा वेळी एकदमच जातात. दर काही वर्षांनी सर्व मजकूर नव्या साधनावर उतरवावा. आणि बोलणाऱ्याचे नाव, गाव, गिरणी व तारीख कागदावरही लिहून ठेवावी.

गिरणी कामगार घरासाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्याकडे कामाचा पुरावा मागतात. पावती हरवली की हक्क अडतो. त्या कागदांची छायाचित्रेही याच तबकड्यांवर ठेवा. मूळ कागद मात्र जपाच. मालकाच्या जमाखर्चाला कारकून असतात. कामगाराच्या आठवणींचा कारकून त्याच्याच घरातला शिकलेला मुलगा वा मुलगी झाली पाहिजे. या सुटीत प्रत्येक घराने एका वृद्धाचा आवाज टिपावा आणि त्याच्या तीन प्रती कराव्यात, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.