शब्दांतर: आशय तोच, वाक्य नवे

लिखित उताऱ्याचा पूर्ण आशय राखून तो स्वतःच्या वाक्यरचनेत मांडणे म्हणजे शब्दांतर होय. सारांशात मजकूर आटतो, तसा तो येथे आटत नाही. गोव्यातील केळशीचे कृष्णदास शामा यांनी 1526 मध्ये भागवताच्या दशम स्कंधातील कृष्णकथा मराठी ओव्यांत सांगितली, तेथेही कथा तीच राहून मांडणी नवी झाली.

"डिचोली 1781 मध्ये व पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले, म्हणून ते नव्या काबिजादींत मोडतात" या वाक्यात 'अमलाखाली'च्या जागी 'सत्तेखाली' घातल्याने सांगाडा बदलत नाही. उलट, वाक्य नीट समजून घेऊन, मूळ पान मिटून, "पेडणे व डिचोली यांची गणना नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात होते, कारण पेडण्यात त्यांची सत्ता 1788 मध्ये आणि डिचोलीत त्याआधी, 1781 मध्ये पोहोचली" असे लिहिल्यास कार्यकारणसंबंध टिकतो आणि मांडणी लिहिणाऱ्याची होते. सनावळी, विशेषनामे व संज्ञा मात्र बदलू नयेत. 'बहुधा'सारखा लहानसा शब्द गळला, तर मूळ लेखकाचा अंदाज ठाम विधान बनतो, आणि हा दोष सर्वांत घातक होय. वाक्य नवे असले तरी विचार मूळ लेखकाचाच असल्याने त्याचा नामोल्लेख आवश्यक असतो.