रानाची खानेसुमारी



परभणी जिल्ह्यांतील चुडावा हें गांव पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. भोंवतालीं काळी जमीन, ज्वारी-कापसाचीं शेतें आणि बांधावर बाभूळ, लिंब, पळस. अशा उघड्या मुलुखांत वनस्पतींची मोजदाद ती काय करावयाची, असें पुष्कळांस वाटेल. परंतु जेथें रान थोडें, तेथेंच त्याची नोंद अधिक अगत्याची होय.

पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे माजी प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. अर्थात् तो त्या ग्रंथाच्या क्षेत्राबाहेर राहिला. पळसास राज्याची सीमा ठाऊक नसते. ग्रंथास मात्र ती पाळावी लागते! मराठवाड्याचा स्वतंत्र ग्रंथ व्ही. एन. नाईक यांच्या हातून १९९८ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

नांदेड व यवतमाळ यांच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्यासारख्या सागवानी रानाची पाहणी एका फेरींत होत नाहीं. उन्हाळ्यांत गेल्यास जमीन उजाड दिसते. पण कळलावी व मुसळी यांचे कंद तिच्या पोटांत निजलेले असतात. ते पावसाळ्यांत वर येतात आणि ऋतु सरतांच दिसेनासे होतात. पळस मात्र पानें गाळून फाल्गुनांत फुलतो. म्हणून त्याच वाटेनें निरनिराळ्या ऋतूंत पुनःपुन्हा जावें लागतें. परवानगीनें मोजकेच नमुने घेऊन ते कागदांत दाबून वाळवावयाचे आणि प्रत्येकावर स्थळ, तारीख व स्थानिक नांव लिहावयाचें. गुराखी व वैदू यांस विचारल्यावांचून तें नांव मिळत नाहीं. चिठ्ठीवांचून नमुना म्हणजे निव्वळ वाळलेला पाला!

हा खटाटोप कशासाठीं? गाजरगवताचें उदाहरण घ्या. १९५५ च्या सुमारास तें पुण्यास अभ्यासकांच्या नजरेस आलें. आज मराठवाड्याचे बांध त्यानें व्यापले आहेत. जुनी यादी हातीं नसेल, तर असा उपरा पाहुणा ओळखावा कसा? आणि त्याच्या गर्दींत कोणती घरची वनस्पति नाहींशी झाली, हें तरी कळावें कसें?

अभयारण्याची पाटी लावल्यानें तोड थांबेल. आंत काय होतें आणि काय उरलें, हें मात्र नोंदवहीच सांगूं शकते. चुडाव्यासारख्या गांवच्या शाळेनें आपल्या शिवारांतील झाडाझुडपांचीं नांवें व त्यांच्या फुलण्याचे महिने एका वहींत दरसाल लिहून ठेवले, तर पन्नास वर्षांनीं ती वही अनमोल ठरेल.