योगाभ्यासासाठी आलेला परदेशी विद्यार्थी आणि त्याचे आजारपण



स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली, आणि १९७५ साली पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभी राहिली. या आणि अशा संस्थांच्या ओढीने दूरदूरच्या देशांतून जे अभ्यासक आपल्याकडे येतात, ते आपल्याच घरांत खोली घेऊन राहतात, आपल्याच खाणावळींत जेवतात, आणि आजारी पडले म्हणजे आपल्याच दारी येतात. वैद्यकीच्या व्यवसायात असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. आज मी जे सांगणार आहे, ते त्या विद्यार्थ्यांसाठी तर आहेच. पण त्यांना आसरा देणाऱ्या कुटुंबांसाठी आणि त्यांना शिकविणाऱ्या गुरुजनांसाठीही आहे.

या रुग्णांत एक गोष्ट वारंवार आढळते, ती म्हणजे दुखणे लपविण्याची प्रवृत्ती. नोकरीतून रजा काढून, साठविलेला पैसा खर्चून, प्रवेशासाठी दीर्घ काळ वाट पाहून जो मनुष्य सातासमुद्रापलीकडून येतो, त्याला एक दिवस वर्ग चुकला तरी मोठी हानी झाल्यासारखे वाटते. मग गुडघ्यातील कळ तो सोसतो, अंगातला ताप गोळीने दाबतो, आणि जे दुखणे आठवड्याच्या विश्रांतीने सहज शमले असते, ते महिनोन्‌महिने पाठीशी लावून घेतो. वास्तविक पतंजलींनी चित्ताला विचलित करणारे जे नऊ अंतराय गणले, त्यांत व्याधीला पहिले स्थान दिले आहे. आणि ‘हठप्रदीपिका’कारांनी साधकाला शरीरक्लेशांपासून, एवढेच नव्हे तर प्रवासापासूनही दूर राहण्याची सूचना केली आहे. लांबच्या प्रवासाने शिणलेल्या, झोप, अन्न आणि हवापाणी बदललेल्या देहाला दुसऱ्याच दिवशी पूर्ण अभ्यासास जुंपणे या शहाणपणाशी विसंगत आहे. म्हणून पहिला आठवडा निम्म्याच अभ्यासावर समाधान मानावे.

आसनांमुळे होणाऱ्या दुखापतींपैकी दोन विशेष लक्षात ठेवाव्यात. पुढे वाकण्याची आसने अतिरेकाने केली म्हणजे मांडीच्या मागील स्नायू बैठकीच्या हाडाला जेथे जोडलेले असतात, तेथे खोल, हट्टी वेदना सुरू होते. ताणल्याने ती मोकळी होईल या समजुतीने विद्यार्थी आणखी ताण देतो आणि ती बळावते. अशा वेळी गुडघे किंचित वाकवून, ताण सोडून, स्नायूंना बळ देणारे सौम्य व्यायाम करणे हाच मार्ग. दुसरी दुखापत पद्मासनाची. मांडीचे वळण खुब्याच्या सांध्यातून यावयास हवे. आयुष्यभर खुर्चीवर बसलेल्या माणसाचा खुबा ते वळण देत नाही, आणि पाऊल बळाने ओढले की सारा पीळ गुडघ्यावर पडून तेथील कूर्चा फाटू शकते. गुडघा सुजला, अडकला किंवा भार घेईनासा झाला, तर आसन तत्काळ थांबवून अस्थितज्ज्ञास दाखवावे. हातापायांत मुंग्या, बधिरता अथवा दुर्बलता आली, किंवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आता ज्वर आणि अतिसार. नव्या पाण्याने पोट बिघडणे हे परदेशी पाहुण्याच्या वाट्याला हटकून येते. ते शरीरशुद्धीचे लक्षण मानून उपास करीत बसणे घातक आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी उत्तम. ती नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजावे, आणि सोबत मऊ भात द्यावा. शौचात रक्त दिसले, लघवी बंद झाली किंवा रोगी गुंगू लागला, तर घरगुती इलाजांची मुदत संपली असे समजावे. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका मनात धरून रक्त तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूचा ताप उतरतो तीच घटका पुष्कळदा धोक्याची असते. त्या एकदोन दिवसांत पोटदुखी, सततची वांती किंवा रक्तस्राव यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. ताप असताना आसने आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, पूर्णपणे वर्ज्य करावेत.

कागदपत्रांची तजवीजही वेळेवर झाली पाहिजे. पारपत्राची व विम्याच्या दस्तऐवजाची प्रत घरमालकापाशी ठेवावी, रुग्णालयात दाखल होताच विमा कंपनीस कळवावे, आणि आजारामुळे मुक्काम लांबणार असेल तर व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीच, डॉक्टरांच्या दाखल्यासह, परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे विद्यार्थ्याला आल्याच दिवशी सांगून ठेवावे.

बरे झाल्यावर पुन्हा आरंभ कसा करावा, याचा आदर्श या पुण्यातच आहे. बाळपणी क्षय, हिवताप आणि विषमज्वर यांनी ज्यांना जर्जर केले होते, त्या अय्यंगारांना १९७९ साली, साठीच्या घरात असताना, स्कूटरच्या अपघाताने पुन्हा दुखापत झाली, आणि तो महान आचार्य नवशिक्याच्या धैर्याने परत अभ्यासास लागला. दोर, पट्टे, विटा, खुर्च्या आणि लोड यांच्या आधाराने रुग्णालाही आसनाचा लाभ देण्याची जी पद्धती त्यांनी सिद्ध केली, तिच्यात आजारी माणसाला अभ्यासातून वगळलेले नाही. त्याच्या शक्तीला झेपेल असा अभ्यास त्याला दिलेला आहे.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्गाच्या आरंभी रोज, सर्वांदेखत, कोणास काय दुखते आहे ते विचारावे, आणि सांगणाऱ्याला कमी लेखू नये. घरमालकांनी, पाहुणा दोन वेळा जेवावयास आला नाही, तर दार ठोठावून चौकशी करावी. आणि विद्यार्थ्यांनो, दुखणे ज्या दिवशी जाणवेल त्याच दिवशी गुरूंना सांगा. विश्रांतीचा तो दिवसही तुमच्या शिक्षणाचाच दिवस आहे.